कळसूबाईवर वारा पडण्याची वाट

सावेडी

१९७३ सालच्या जानेवारीत, एका गुरुवारी संध्याकाळी, नगरजवळच्या सावेडीत आमच्या घरी प्रवासखर्चासाठी साठ रुपये बाजूला काढले. हजर चौघे होतो: मी, माझी पत्नी, आमची मुलगी सुधा आणि सोनईहून आलेले माझे मेहुणे बापूराव. साठांपैकी पंधरा बापूरावांनी टाकले. मी नको म्हणालो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या दाजी. उद्या डोंगरावर भाकरी खाताना तुमी माझे घास मोजाल."

जायचं होतं कळसूबाईला. आपल्या जिल्ह्यातलं, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रातलं ते सर्वांत उंच शिखर. पण आम्ही देवदर्शनाला निघालो नव्हतो. सुधा कॉलेजात विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिथल्या मुलामुलींबरोबर दोन वर्षं डोंगर चढत होती आणि त्या उन्हाळ्यात हिमालयात होणाऱ्या गिर्यारोहणाच्या शिक्षणवर्गाला तिची निवड झाली होती. महिनाभर बर्फात राहायचं. पालकांची संमती हवी होती. मी संमती दिली नव्हती आणि नाकारलीही नव्हती. मी हिशेब तपासणारा माणूस, न पाहिलेल्या गोष्टीवर सही करायची मला सवय नाही. मी म्हणालो, थंडीच्या दिवसांत एक रात्र मी तुझ्याबरोबर उंच डोंगरावर काढतो. वारा, थंडी, उतार यांचा अंदाज तू कसा बांधतेस ते पाहतो. मग सांगतो.

"म्हणजे नाही म्हणायला कारण शोधायला चाललात," पत्नी म्हणाली.

"सापडलं तर सांगीन."

"आणि मामा कशाला?"

"ताई, मी पोरीच्या बाजूनं," बापूराव म्हणाले. "दाजींच्या बाजूनं डोंगर हायच की."

बापूराव शेतकरी माणूस. सुधाच्या साऱ्या सुट्ट्या त्यांच्या मळ्यात गेलेल्या. ती डोंगर चढू लागली तेव्हा घरात एकट्या त्यांनीच तिला शाबासकी दिली होती.

सुधाने मला एक गोष्ट आधीच समजावून सांगितली होती आणि ती मला पटली होती. उंचावर माणसाला थंडी मारत नाही, वारा मारतो. अंगाभोवती जी थोडी ऊब असते ती वारा काढून नेतो, म्हणून नुसतं तापमान सांगणारा अंदाज डोंगरावर निम्म्याच कामाचा. ती वर्तमानपत्रातलं हवामान रोज वाचत असे. त्यात नगरचं आणि नाशिकचं तापमान असे. शिखरांवरच्या वाऱ्याबद्दल कधी एक ओळही नसे.

कोल्हारच्या पुढे

कोल्हारला एस.टी. थांबली. माझं लहानपण याच गावात, प्रवरेच्या काठावर गेलं. पाटाच्या पाण्यावरचा ऊस तेवढा हिरवा होता. त्याच्या पलीकडे नजर जाईल तिथवर काळी, उघडी जमीन. पावसाने त्या वर्षी पाठ फिरवली होती, हे वाचकांना मी सांगायला नको. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं खडी फोडत बसली होती. बायकांनी डोळ्यांत खडे जाऊ नयेत म्हणून पदर नाकापर्यंत ओढले होते.

बापूराव खिडकीतून बाहेर पाहत होते. मी विचारलं, "ज्वारीचं काय?"

"कशाची ज्वारी? यंदा खळंच केलं न्हाई. म्हनून तर मोकळा हाय. न्हाईतर या दिवसांत कोन हलतंय रानातून?" ते हसत म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

राजूरला चहाला उतरलो. हॉटेलात रेडिओ होता. बातम्यांच्या शेवटी हवामान येतं म्हणून सुधाने मालकाला आवाज मोठा करायला सांगितला. ते ऐकताच बाकड्यांवरचे लोकही पुढे सरकले. तिला वाटलं, यांनाही डोंगरावर जायचंय की काय.

"पाऊस सांगनार का?" एका म्हाताऱ्याने तिला विचारलं.

रेडिओने सांगितलं, हवामान कोरडं राहील, रात्रीची थंडी थोडी वाढेल. सुधाचा चेहरा उजळला. म्हातारा चहाचे पैसे ठेवून उठला. त्याच्यामागून आणखी दोघे गेले. आम्हाला जे हवं होतं ते ऐकून एवढी माणसं उठून गेली, हे मला बरं वाटलं नाही. सुधाही पुढे चहा प्यायली नाही.

बारी

कळसूबाईच्या पायथ्याचं गाव बारी. तिथे किसन नावाच्या शेतकऱ्याच्या घरी उतरलो. कॉलेजची मुलं त्याच्याकडेच उतरत, त्यामुळे सुधाला घर ओळखीचं होतं. घर कुडाचं, सारवून स्वच्छ. किसनची आई ठकूबाई चुलीपाशी होती. आमच्याकडे बाजरीची नाही तर ज्वारीची भाकरी. इथे नागलीची, गडद तांबूस, खाताना थोडी मातकट लागते. बरोबर कुळथाची पिठी आणि खुरासणीची चटणी. घरात धान्य बेताचं दिसत होतं, म्हणून मी एका भाकरीवर थांबलो. ठकूबाईच्या ते लक्षात आलं.

"पाव्हनं, आमची भाकर काळी म्हून खाईना का?"

"तसं नाही, आजी. पोट भरलं."

"ह्यांचं बगा," तिने बापूरावांकडे हात केला. "ह्यांना कळतंय."

"आजी, आमचं पोट म्हंजी कनगी हाय. यंदा रिकामीच," बापूराव म्हणाले. म्हातारी खळखळून हसली.

जेवणानंतर सुधाने किसनला वाऱ्याबद्दल विचारलं. वर मुक्काम करायचाय, रात्री वारा कसा असतो?

"दुपारी असतो चांगलाच," किसन म्हणाला. "रातीचं कुनी बगितलंय? आमी मंगळवारी जातो, नवरात्रात जातो. दिस मावळायच्या आत खाली. थंडीत वर निजायला कोन जाईल?"

"आजपर्यंत कुणीच नाही?"

"तुमच्यासारखं येडं पयल्यांदाच बगतोय, ताई."

तो सकाळी आम्हाला वर सोडून परतणार होता. दुसऱ्या दिवशी त्याला दुष्काळी कामावर हजेरी लावायची होती आणि खाडा परवडत नव्हता.

माथा

चढाचं वर्णन लांबवत नाही. धाप लागते, थांबावं लागतं, मग पुन्हा धाप लागते. शेवटी शेवटी सरळ कातळ येतो. त्यावर लोखंडी साखळ्या बसवल्या आहेत. साखळी धरून वर जाताना खाली पाहू नये असं सुधाने सांगितलं, म्हणून मी पाहिलं नाही. शेवटच्या कातळाखाली थोडी सपाटी आणि एक विहीर आहे. त्यावर माथा. माथ्यावर देवीचं देऊळ, दोन-तीन माणसं दाटीने बसतील एवढंच.

वरून जे दिसतं त्यासाठी माणसाने एकदा जावं. भंडारदऱ्याचं पाणी, त्यापलीकडे डोंगरामागे डोंगर आणि पश्चिमेला एकाएकी तुटलेले कडे. साऱ्या प्रवासात भरपूर पाणी आम्ही तिथेच पाहिलं, तेही इतक्या लांबून. बापूराव बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभे होते.

"एवढं पानी," ते म्हणाले, "आन् आपल्याकडं विहिरीत दोर पुरंना."

किसन दुपारी उतरून गेला. त्यानंतर वारा वाढला. सुधाने काठीला लाल फीत बांधली होती. ती आधी फडफडत होती. मग आडवी ताठ झाली. देवळात रात्र काढायचा बेत होता, पण वारा थेट आत शिरत होता. तिघांनी रात्रभर तिथे बसणं शक्य नव्हतं. विहिरीजवळ कातळाचा आडोसा होता, तिथे मुक्काम हलवायचा ठरला. प्रश्न एवढाच होता, की साखळीवरून आत्ता उतरायचं की वारा कमी झाल्यावर.

सुधाने विचार केला. मग मामांना विचारलं, "मामा, खळ्यावर आपण उफणणी कधी थांबवतो?"

"दिस कलला की. वारा पडतो मग. पाटी वर धरून हात दुखतील, पर दाण्यातला भुसा काय उडायचा न्हाई."

"रोज?"

"रोज. तिपाईवर उभं ऱ्हाऊन आयुष्य गेलं माझं. तूच न्हाई का पाट्या देत हुतीस मला?"

ती मान हलवून माझ्याकडे वळली आणि कारण सांगू लागली. दिवसा जमीन तापते, गरम हवा वर उठते, हवेची उलथापालथ होते, म्हणून वारा. सूर्य टेकला की जमीन निवते आणि हवा शांत होते. खळ्यावरचा अनुभव आणि पुस्तकातलं कारण एकमेकांशी जुळत होतं. सूर्यास्तानंतर उतरण्यापुरता उजेड राहतो. तेव्हा वारा पडू द्यावा, मग उतरावं.

मलाही कोल्हारची खळी आठवली. संध्याकाळी पाट्या खाली ठेवून गडी विड्या ओढत बसत. तिच्या बोलण्यात मला कुठेच खोट दिसली नाही. उलट समाधान वाटलं. मुलीने घाई केली नव्हती. जाणत्याला विचारलं होतं, कारण तपासलं होतं, मग निर्णय दिला होता. मी पाहायला आलो होतो ते हेच.

मी तिथेच म्हणालो, "सुधा, तू हिमालयात जा. माझी संमती आहे."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"लिवून घे गं," बापूराव ओरडले. वाऱ्यात ओरडूनच बोलावं लागत होतं. "खाली गेल्यावर दाजी फिरत्याल."

त्यानंतर आम्ही देवळाच्या आडोशाला बसून वारा पडायची वाट पाहिली. सूर्य कलला, लाल झाला, कड्यांमागे गेला. फीत ताठच होती. सुधा म्हणाली, थोडं थांबू. थांबलो. भंडारदऱ्याचं पाणी काळं झालं. मग फीत काठीवरून सुटली आणि कुठे गेली तेही दिसलं नाही. वारा पडला नव्हता. वाढला होता.

उतार

आता थांबणं शक्य नव्हतं. सुधा पुढे, मध्ये बापूराव, मागे मी. बापूरावांनी थंडीसाठी घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतली होती. सुधाने ती काढायला सांगितलं. ते म्हणाले, "काढून धरू कुठं? हातात साखळी हाय." साखळीवर अर्ध्यात असताना वाऱ्याचा झोत आला. तो खोळीत शिरला आणि खोळ फुगली. मी वरून पाहत होतो. त्यांचे पाय कातळावरून सुटले, मग एक हात सुटला, मग दुसरा. फार उंचावरून पडले नाहीत. पण पडले ते कमरेवर.

आम्ही दोघांनी त्यांना ओढत कातळाच्या आडोशाला नेलं. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता आणि तो हलवला की ते ओरडत.

त्या रात्रीचं मी काही लिहिणार नाही. वारा ज्या बाजूने येत होता त्या बाजूला सुधा त्यांना लगटून पडली होती. एकदाच बापूराव म्हणाले, "सुधे, डोंगरावर वारा पडत न्हाई वाटतं." थट्टेनेच म्हणाले. ती त्यांना आणखी चिकटली.

उजाडताना वारा सैल झाला. पाणी द्यायला मी तांब्या घेतला, तर पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरला होता. मी बोट लावलं, तो मोडला. बापूरावांनी ते पाहिलं.

"बरफ हाय का?"

"आहे."

"मग झालं की. बघ गं सुधे, तुझा बरफ हितंच आला. आता हिमालयाचं भाडं वाचलं."

पोरीला हसवावं एवढाच त्यांचा हेतू होता, मी खात्रीने सांगतो. सुधा तांब्याकडे पाहत राहिली. मग उठली, बूट बांधले आणि माणसं आणायला एकटी खाली गेली. ती खालच्या कातळांच्या साखळ्यांवरून किती सांभाळून आणि किती भराभर उतरली, ते मी विहिरीपासून पाहिलं. पाय कुठे ठेवायचा यात तिचं एकदाही चुकलं नाही. त्या क्षणीही मला वाटलं, हिने जायलाच हवं.

ती माणसं घेऊन आली. किसन आणि आणखी सात जण. त्यांचा त्या दिवसाचा खाडा झाला. त्यांनी एक जाड घोंगडी दोन्ही कडांना चिरून तिच्यातून बांबू ओवले आणि झोळी केली. साखळ्यांवरून झोळी उतरवताना बापूराव शुद्धीत नव्हते, तेवढंच बरं. बारीला जीप मिळाली. माझ्याजवळ तिच्या भाड्यापुरतेच पैसे होते. माणसांचं नंतर पाहू म्हणून मी निघालो.

नगर

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात पायाला वजन बांधून त्यांना निजवून ठेवलं. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, हाड जुळेल, पण पाय आखूड राहील. कुबडीशिवाय चालता येणार नाही. शेतातली कामं नाहीतच. हे सुधाने दारातून ऐकलं.

कॉलेजातल्या तिच्या प्राध्यापकांना मी भेटलो. आमचं काय चुकलं, एवढंच मला हवं होतं. त्यांनी सांगितलं ते डोंगरावर जाणाऱ्या तरुणांसाठी इथे देतो. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन बसते, म्हणून खाली सपाटीवर वारा पडतो. पण त्या बसलेल्या हवेच्या वरचा वारा जमिनीच्या अडथळ्यातून मोकळा होतो आणि जोराने धावतो. उंच शिखर त्या वाऱ्यात असतं. म्हणून खळ्यावर सांज शांत, तर माथ्यावर पुष्कळदा त्याच वेळी वारा चढतो. सपाटीवरच्या माणसाने सपाटीचा अनुभव वर नेऊ नये. वर्तमानपत्र, रेडिओ यांच्यावर विसंबू नये, ते शहरांचं हवामान सांगतात. वारा वाढू लागला तर उजेडात खाली यावं, पडण्याची वाट पाहू नये.

घरी येऊन मी हे सुधाला सांगितलं. म्हणालो, "हे आपल्या तिघांपैकी कुणाला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. बारीच्या माणसांनाही नव्हतं."

"मला ठाऊक असायला हवं होतं," ती म्हणाली. "मी कारण सांगितलं होतं, बाबा. ठाऊक नसताना कारण सांगितलं."

पुन्हा बारी

माणसांचे पैसे द्यायचे राहिले होते. फेब्रुवारीत एका रविवारी सुधा आणि मी पुन्हा बारीला गेलो. या खेपेला एस.टी.त आम्ही दोघेच. अकोल्याच्या पुढे डोंगर दिसू लागले, तेव्हा मी विषय काढला.

"मी दिलेली संमती परत घेतलेली नाही. वर्गाला कळवायला अजून वेळ आहे."

"मी जाणार नाही."

"तिथे हेच शिकवतात, सुधा. वारा, बर्फ, सगळं. शिकलीस तर पुन्हा असं होणार नाही."

"शिकवतील," ती म्हणाली. "मग कुणीतरी मला विचारील, आत्ता उतरू की थांबू. आणि मी सांगीन. आणि ते ऐकतील."

"मग?"

"मामांनीही ऐकलं होतं."

हिशेबाच्या चुकीला दुरुस्ती असते हे मी आयुष्यभर पाहत आलो आहे. तिला तसं म्हणणार होतो, पण दवाखान्यातल्या खाटेवरच्या त्या पायाला दुरुस्ती नव्हती. बाकीचा रस्ता ती समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत बसली होती. एकदाही तिने डोंगराकडे मान वर केली नाही.

आठ जणांना मी प्रत्येकी पाच रुपये दिले. बुडालेल्या हजेरीपेक्षा जास्त होते, म्हणून किसन घेईना. "मानूस आनला. माल न्हाई आनला," तो म्हणाला. शेवटी बाकीच्यांनी घेतले म्हणून त्याने घेतले. मामा कसे आहेत म्हणून सगळ्यांनी विचारलं. मी जे होतं ते सांगितलं.

निघताना ठकूबाई दारात बसलेली दिसली. अंगावर पोतं पांघरलं होतं.

"आजी, पोतं का?" सुधाने विचारलं.

म्हातारी गडबडली. "असंच गं, बाई. ऊन पडंल आता."

किसनने खाली पाहून सांगितलं. झोळीसाठी चिरली ती घोंगडी तिची होती. घरात दुसरी नव्हती. शिवून पाहिली, पण चिरा उसवून मधोमध फाटत गेली. त्यालाही ते आम्हाला सांगायचं नव्हतं.

"केवढ्याला येते?" सुधाने विचारलं.

"ऱ्हाऊ दे, पोरी. तुझा मामा जगला ना?"

"आजी, केवढ्याला?"

"पंचवीसला येती संगमनेरच्या बाजारात," म्हातारी अखेर म्हणाली.

मी खिशात हात घातला. सुधाने माझा हात धरला आणि पिशवीतून घडी घातलेलं पाकीट काढलं. ते मी ओळखत होतो. शिकवण्या करून वर्षभर हिमालयाच्या रेल्वे-तिकिटासाठी साठवलेले पैसे ती त्यात ठेवत असे. त्यातून तिने मोजून पंचवीस रुपये काढले आणि ठकूबाईच्या हातावर ठेवले. म्हातारीने ते कपाळाला लावून कमरेला खोचले आणि पोतं अंगाभोवती ओढून घेतलं.